शंभरची ॲरे आणि एकशे एकावा सभासद: सी प्लस प्लसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या काकांकडे गावातलं दूध संकलन केंद्र होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांना ‘सॉफ्टवेअर’ करून दिलं. सकाळचं दूध फाइलमध्ये लिहायचं, प्रोग्रॅम चालवायचा, एकूण लिटर स्क्रीनवर. सभासद ९६ होते. मी १०० आकड्यांची ॲरे (मेमरीतली सलग जागांची रांग) घेतली आणि चार जागा जास्तीच्या ठेवल्या म्हणून स्वतःवरच खूश झालो. दिवाळीनंतर सभासद झाले १०१. त्या सकाळी स्क्रीनवर आलं: एकूण दूध ४.५ लिटर.

काका वही घेऊन बसले आणि म्हणाले, “अरे, एवढं तर नुसतं त्या शेवटच्या खातेदाराचं आहे.” तेच झालं होतं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक नोंद आधी एकुणात मिळवायचा आणि मग ॲरेत ठेवायचा. मेमरीत ॲरेच्या लगेच पुढची जागा होती ‘एकूण’ या व्हेरिएबलची. १०१ वी नोंद ॲरेच्या बाहेर पडली आणि थेट एकुणावर जाऊन बसली. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅम बंदही पडला नाही.

त्या दिवसानंतर ज्या ज्या ठिकाणी ठेच लागली, त्या क्रमाने हे लिहितोय. बहुतेक ठेचांचं मूळ एकच निघालं: आत किती आहे आणि किती मावतं, यातली गल्लत. कोडमधले शब्द इथे आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

लागणारं सामान

- कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा. लिनक्सवर जी++. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओची मोफत कम्युनिटी आवृत्ती, किंवा एमएसवायएस२ (विंडोजवर अशी साधनं टाकून देणारा संच) मधला जी++, किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यातला लिनक्सचा जी++. माझं मत विचाराल तर नवख्याने डब्ल्यूएसएल घ्यावं. कारण पायरी ५ मध्ये येईल.
- एडिटर. व्हीएस कोड चालेल, पण तो नुसता एडिटर आहे, कंपायलर नाही. ‘रन दाबलं तर काहीच होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.
- सी++२० समजणारा कंपायलर. जी++ ला ‘-एसटीडी=सी++२०’ असं सांगावं लागतं.
- उत्तर आधीच माहीत असलेली चार-पाच ओळींची फाइल. प्रोग्रॅमचा आकडा हातच्या बेरजेशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. काकांची वही नसती तर मी ४.५ लिटरचंच बिल काढलं असतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचं टर्बो सी++ असेल, तर प्रॅक्टिकलपुरतं त्यावर करा, जर्नल लिहा आणि विसरा. ते १९९८ च्या पहिल्या सी++ प्रमाणाच्याही आधीचं आहे. त्यात व्हेक्टरची हेडर फाइल नाही आणि इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे मोजतच नाही.

पायरी १: ‘व्हेक्टर’ या नावाला घाबरू नका

अकरावीच्या फिजिक्समधला बाण काढलेला सदिश डोक्यातून काढून टाका. इथला व्हेक्टर म्हणजे हवी तशी लांब होणारी ॲरे, बस. हे नाव स्कीम आणि कॉमन लिस्प या जुन्या भाषांतून उचललेलं आहे. व्हेक्टर ज्या लायब्ररीतून येतो ती ज्या अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी रचली त्यांनीच नंतर लिहिलंय, की गणितातल्या अर्थाशी हे नाव जुळत नाही, त्याला ॲरेच म्हणायला हवं होतं. त्यामुळे नावावरून गोंधळ झाला तर दोष तुमचा नाही.

पायरी २: ॲरे कुठे, व्हेक्टर कुठे

आकडे किती, हे प्रोग्रॅम लिहितानाच ठाऊक असेल आणि ते कधीही बदलणार नसेल (आठवड्याचे ७ दिवस, वर्षाचे १२ महिने), तर सी++११ पासून मिळणारी ‘एसटीडी::ॲरे’ घ्या. बाकी सगळीकडे व्हेक्टर. चौकटी कंसातली जुनी सी-पद्धतीची ॲरे वाचता आली पाहिजे, कारण जुन्या कोडमध्ये ती भेटतेच. पण नव्याने लिहिताना तिच्या दोन खोड्या लक्षात ठेवा.

पहिली खोडी: फंक्शनला दिली की ती आपली लांबी विसरते. १०० डबलची (८ बाइटांच्या दशांश आकड्यांची) ॲरे मेनमध्ये ‘साइजऑफ’ने मोजली तर ८०० बाइट येतात. तीच फंक्शनला पाठवून आत मोजली तर येतात ८, कारण आत पोचतो तो फक्त पत्ता. मग ‘साइजऑफ ॲरे भागिले साइजऑफ डबल’ हे सूत्र आत १ देतं आणि लूप पहिल्या सभासदावरच थांबतो. व्हेक्टर मात्र आपली लांबी सोबत घेऊन फिरतो. फक्त तो फंक्शनला देताना ‘कॉन्स्ट’ आणि ‘&’ लावा. नाहीतर दर वेळी अख्ख्या व्हेक्टरची नक्कल होते. हजार नोंदींना ते जाणवत नाही, दहा लाखांना जाणवतं.

दुसरी खोडी स्टॅकची, म्हणजे फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलना मिळणाऱ्या मर्यादित मेमरीची. मी तीन वर्षांच्या नोंदी एकदम वाचायचं ठरवलं: १०० सभासद, दिवसातून दोन वेळा, ३६५ दिवस, तीन वर्षं, म्हणजे २,१९,००० डबल, म्हणजे १७,५२,००० बाइट. ॲरे मेनच्या आत. माझ्या लिनक्सवर चालली, मित्राच्या विंडोजवर उघडताक्षणी बंद. आम्ही दोघांनी एक संध्याकाळ घालवली. कारण साधं होतं: लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबीचा मिळतो, विंडोजवर (व्हिज्युअल स्टुडिओत) १ एमबीचा. व्हेक्टर आपले आकडे स्टॅकवर ठेवतच नाही, हीपवर (मागेल तशी मिळणाऱ्या मोठ्या मेमरीत) ठेवतो, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही.

पायरी ३: फाइलमधून भरणं

‘फाइल संपत नाही तोवर वाच’ असा लूप ‘ईओएफ’ तपासून लिहायला बऱ्याच नोट्समध्ये शिकवतात. तो चुकीचा आहे. शेवटचा आकडा वाचून झाला तरी त्याच्या पुढे ओळ संपल्याची खूण उरलेली असते, त्यामुळे फाइल अजून ‘संपलेली’ नसते. लूप आणखी एकदा फिरतो, वाचन फसतं, व्हेरिएबलमध्ये जुनाच आकडा असतो आणि तो दुसऱ्यांदा व्हेक्टरमध्ये जातो. शेवटच्या सभासदाला दुप्पट पगार! (आमच्याकडे दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पैशांना पगारच म्हणतात.)

बरोबर पद्धत: वाचणं हीच लूपची अट करायची.

व्हाइल (फाइल >> लि) लिटर.पुश_बॅक(लि);

पुश_बॅक म्हणजे व्हेक्टरच्या शेवटी एक नोंद जोडणं. वाचन जमलं तरच आत जायचं. एवढंच.

पायरी ४: किटली आणि दूध

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

व्हेक्टरला दोन आकडे असतात. ‘साइज’ म्हणजे किटलीत दूध किती आहे. ‘कपॅसिटी’ म्हणजे किटली केवढी आहे. पुश_बॅकने दूध ओतत गेलात आणि किटली भरली, की व्हेक्टर मोठी किटली आणतो, जुन्यातलं सगळं तिच्यात ओततो, जुनी टाकून देतो आणि मग नवा थेंब घेतो. जी++ च्या लायब्ररीत नवी किटली दुप्पट असते: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. म्हणजे १०१ सभासद भरेपर्यंत आठ किटल्या झाल्या. व्हिज्युअल स्टुडिओत ती दीडपटीने वाढते. स्वतः बघायचं असेल तर लूपमध्ये दर वेळी दोन्ही आकडे छापा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

आता सापळे.

जुन्या किटलीचा पत्ता. पहिल्या सभासदाकडे बोट दाखवणारा पॉइंटर, रेफरन्स किंवा इटरेटर तुम्ही धरून ठेवला आणि नंतर पुश_बॅक केलं. किटली बदलली असेल तर तुमचं बोट आता भंगारात टाकलेल्या किटलीकडे आहे. गंमत अशी, की कधी कधी तिथे जुना आकडा तसाच सापडतो आणि प्रोग्रॅम बरोबर चालतो. मग एका सभासदाची भर पडते आणि बिघडतो. उपाय: पत्त्याऐवजी क्रमांक धरून ठेवा. किटली कितीही बदलल्या तरी शून्यावरचा सभासद शून्यावरच असतो. याच कारणाने, ज्या व्हेक्टरवर रेंज-फॉर (सगळ्या नोंदींवरून आपोआप फिरणारा) लूप फिरतोय त्याच्यातच आतून पुश_बॅक करायचं नाही.

रिझर्व्ह आणि रिसाइज. ‘रिझर्व्ह(१०१)’ म्हणजे मोठी रिकामी किटली आणून ठेवणं. साइज शून्यच राहते. ‘रिसाइज(१०१)’ म्हणजे किटलीत १०१ माप पाणी ओतून ठेवणं. १०१ शून्यं खरोखर आत बसतात. माझ्या एका ज्युनिअरने फॅटच्या नोंदींसाठी रिसाइज केलं आणि वर पुश_बॅकने १०१ नोंदी भरल्या. साइज झाली २०२, त्यातली निम्मी शून्यं. सरासरी फॅट ६.४ ऐवजी ३.२ आली, म्हणजे म्हशीचं दूध एका रात्रीत गायीचं झालं. रिसाइज केलं असेल तर क्रमांकाने भरा. पुश_बॅक करायचं असेल तर रिझर्व्ह. दोन्ही एकत्र नको.

उलटा सापळाही आहे: रिझर्व्ह करून थेट पाचव्या जागेवर आकडा लिहिणं. जागा मेमरीत असते म्हणून प्रोग्रॅम पडत नाही, पण साइज शून्यच असते आणि नंतर छापायला जाल तर काहीच दिसत नाही.

पायरी ५: हद्दीबाहेर जाणं पकडा

चौकटी कंसाने घेतलेला क्रमांक सी++ तपासत नाही, माझ्या ४.५ लिटरची मूळ गोष्ट हीच. ‘ॲट’ वापरलं तर तपासतो आणि ‘आउट_ऑफ_रेंज’ म्हणून ओरडतो. शिकत असताना सरसकट ॲट वापरा, कोणी हसलं तर हसू द्या.

त्याहून भारी हत्यार म्हणजे कंपाइल करताना द्यायचे हे शब्द: ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी -एफसॅनिटाइज=ॲड्रेस’ (डब्ल्यू कॅपिटल, जी लहान). यानंतर प्रोग्रॅम हद्दीबाहेर गेला की लाल अक्षरांत ‘हीप-बफर-ओव्हरफ्लो’ असं काहीतरी येतं आणि खाली फाइलचं नाव व ओळ क्रमांक. पसारा बघून दचकू नका. त्यातली तुमच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. एमएसवायएस२ मधल्या जी++ ला ही सोय नाही, म्हणून वर डब्ल्यूएसएल म्हटलं.

पायरी ४ मधला ‘रिझर्व्ह करून थेट लिहिणं’ हा प्रकार मात्र एकटा सॅनिटायझर पकडत नाही, कारण मेमरी खरोखर व्हेक्टरचीच असते. त्यासाठी ‘-डी_जीएलआयबीसीएक्सएक्स_असर्शन्स’ (सगळी कॅपिटल) जोडा. मग चौकटी कंसही साइज तपासू लागतो.

आणि उलटा लूप. साइज हा बिनचिन्ही आकडा आहे, त्याला ऋण होता येत नाही. व्हेक्टर रिकामा असताना साइजमधून १ वजा केला, तर ६४ बिटांच्या मशीनवर उत्तर येतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. दूध बंदच्या दिवशी, म्हणजे फाइल रिकामी असताना, माझा ‘शेवटून पहिल्याकडे’ जाणारा लूप तिथून सुरू झाला होता. शिवाय बिनचिन्ही क्रमांक ‘शून्यापेक्षा मोठा किंवा समान’ नेहमीच असतो, म्हणून तो लूप थांबतही नाही. आरबिगिन ते आरएंड असा उलटा फेरा घ्या, किंवा आधी ‘एम्प्टी’ आहे का ते विचारा.

पायरी ६: मधला सभासद काढून टाकणं

शून्य लिटरवाले वगळायचे आहेत. लूप फिरवला, शून्य दिसलं की ‘इरेज’. चौदावा आणि पंधरावा, दोघांचंही शून्य असेल तर पंधरावा सुटतो. चौदावा काढला की पंधरावा सरकून त्याच्या जागी येतो आणि लूप तर पुढे गेलेला असतो. एसटीत पुढचा प्रवासी उतरला की मागचा सरकतो आणि कंडक्टर पुढे निघून गेल्यावर त्याचं तिकीट राहतं, तसं.

सी++२० मध्ये ‘एसटीडी::इरेज_इफ’ला व्हेक्टर आणि अट द्या, एका ओळीत काम होतं. जुन्या कंपायलरवर ‘रिमूव्ह_इफ’ आणि इरेज अशी जोडी लागते. त्यातलं नुसतं रिमूव्ह_इफ लिहून थांबू नका: ते ठेवायच्या नोंदी पुढे सरकवतं, साइज कमी करत नाही.

पायरी ७: तयार फंक्शनं, पण डोळे उघडे ठेवून

बेरजेसाठी ‘न्युमेरिक’ हेडरमधलं ‘अक्युम्युलेट’. त्याला सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो आणि सगळे तिथे ० लिहितात. तो ० पूर्णांक असतो, म्हणून प्रत्येक बेरीज पूर्णांकात कापली जाते. ४.५, ३.७ आणि ५.६ यांची बेरीज १३.८ हवी. ती अशी होते: आधी ४, मग ७.७ चे ७, मग १२.६ चे १२. तीन सभासदांत जवळपास दोन लिटर दूध सांडलं. ०.० लिहा, सुटलात. रुपयांचा हिशेब पैशांत करत असाल तर ‘०एलएल’ (मोठ्या पूर्णांकातला शून्य), कारण साधा इंट २१४,७४,८३,६४७ वर संपतो. पैशांत मोजलेले हे सव्वादोन कोटी रुपयेही नाहीत.

फॅटप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायला ‘अल्गोरिदम’ हेडरमधलं ‘सॉर्ट’. तुलना लिहिताना फक्त ‘>’ वापरा, ‘>=’ नको. दोन सभासदांची फॅट सारखी असेल तर ‘>=’ दोघांनाही एकमेकांच्या आधी ठेवायला सांगतं; सॉर्टचं गणित मोडतं आणि तो व्हेक्टरच्या बाहेर वाचत सुटतो. पाच-दहा नोंदींवर हे खपून जातं, म्हणूनच ते व्हायव्हाला सापडत नाही. ‘बायनरी_सर्च’ किंवा ‘लोअर_बाउंड’ वापरायचं असेल तर व्हेक्टर आधी त्याच क्रमाने लावलेला हवा. नसेल तर एरर येत नाही, फक्त उत्तर खोटं येतं.

व्हेक्टर<बूल> हा एक विचित्र अपवाद आहे, त्यात एकेका बिटात माहिती कोंबलेली असते आणि रेफरन्स नेहमीसारखा मिळत नाही. हजेरीसाठी व्हेक्टर<कॅर> घ्या आणि विषय सोडा.

पायरी ८: बाहेरची लायब्ररी जोडणं

फाइलींचा कंटाळा आला आणि मी एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीकडे वळलो. प्रोग्रॅम चाळीस ओळींचा, आणि तो कंपाइल व्हायला लागले दोन दिवस. हेडर आणि लायब्ररी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हेडर हे मेनूकार्ड, लायब्ररी म्हणजे स्वयंपाकघर. एरर तीन टप्प्यांवर येते आणि प्रत्येक टप्प्याचं औषध वेगळं आहे.

टप्पा एक, कंपाइल. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आणि पुढे एसक्यूलाइट३.एच. मेनूकार्डच मिळालं नाही. उबुंटूवर ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ हे पॅकेज टाका. शेवटच्या ‘-डेव्ह’वर लक्ष ठेवा, त्याच्याशिवायच्या पॅकेजात हेडर नसतात. फाइल भलत्या फोल्डरमध्ये असेल तर कॅपिटल ‘-आय’ देऊन तो फोल्डर सांगा.

टप्पा दोन, लिंक. ‘अनडिफाइंड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन’. मेनूकार्ड वाचलं, पण स्वयंपाकघर कुठे आहे ते सांगितलं नाही. इथे लोक कोडमध्ये परत परत इन्क्लूड लिहीत बसतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण तक्रार कंपायलरची नसून लिंकरची आहे. कमांडच्या शेवटी ‘-एलएसक्यूलाइट३’ (लहान एल) हवं. शेवटी, सुरुवातीला नाही:

जी++ हिशेब.सीपीपी -ओ हिशेब -एलएसक्यूलाइट३

लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररी आधी आली तर तोपर्यंत कोणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून तो ती बाजूला ठेवतो आणि नंतर तुमच्या फाइलने मागितलं की ‘नाही’ म्हणतो. माझ्या दोन दिवसांतला दीड दिवस या एका अदलाबदलीचा.

टप्पा तीन, चालवताना. ‘कॅननॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’, किंवा विंडोजवर अमुक डीएलएल सापडत नाही. प्रोग्रॅम बनलाय, पण चालताना लायब्ररी हाताशी नाही. लिनक्सवर ती नेहमीच्या जागी नसेल तर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये फोल्डर द्या, विंडोजवर डीएलएल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवा. ती लायब्ररीच्या पॅकेजातूनच घ्यायची. डीएलएलचं नाव गूगलला टाकून भलत्याच साइटवरून उतरवू नका.

आणखी एक: व्हिज्युअल स्टुडिओसाठी बनलेली सी++ लायब्ररी जी++ ला चालत नाही, आणि ३२ बिटांची ६४ बिटांना चालत नाही. एमएसवायएस२ असेल तर ‘पॅकमॅन’ने, व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर ‘व्हीसीपीकेजी’ने घ्या, हाताने जुळवाजुळव करत बसू नका. आयगनसारख्या काही लायब्ररी नुसत्या हेडरच्या असतात, त्यांना टप्पा दोन आणि तीन नसतातच. (आणि हो, त्यातला व्हेक्टर मात्र खराखुरा गणितातला सदिश आहे.)

पायरी ९: अडलात तर विचारायचं कसं

‘माझा कोड चालत नाही’ आणि मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, यावर कोणीही मदत करू शकत नाही. हे द्या:

- कंपायलर कोणता आणि कितवी आवृत्ती (‘जी++ --व्हर्जन’ची पहिली ओळ)
- टाइप केलेली पूर्ण कमांड
- सगळ्यात पहिली एरर, अक्षर न् अक्षर; तिच्या खालच्या चाळीस बहुतेक तिचीच पिल्लं असतात
- चूक दाखवणारा सगळ्यात लहान प्रोग्रॅम, वीसेक ओळींचा, सोबत चार आकड्यांची फाइल
- काय यायला हवं होतं आणि काय आलं

तो वीस ओळींचा प्रोग्रॅम वेगळा काढायला बसलात की निम्म्या वेळा चूक तिथेच सापडते. काकांच्या प्रोग्रॅमचा मी तसा तुकडा काढला तेव्हा त्यात दोनच ओळी उरल्या होत्या: शंभरची ॲरे, आणि तिच्याखाली ‘एकूण’.